मांडीवरचं कडवं

सगुणाबाईच्या पोटी मूल नव्हतं, आणि गावातल्या त्रेसष्ट लेकरांचं पहिलं गाणं मात्र तिनंच बांधलेलं होतं. या दोन गोष्टी एका बाईच्या आयुष्यात कशा बसल्या, ते सांगायचं तर तेवीस वर्षं मागं जावं लागेल.

तेव्हा तिच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती. परभणीचे डॉक्टर झाले, नवस झाले, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पाण्यात उभं राहून कुणी कुणी सांगितलेलं सगळं करून झालं. सासू दुसरी बायको कर म्हणून आसारामच्या मागं लागली, तर तो म्हणायचा, "हिचाच स्वयपाक दोन वेळा खाऊन बेजार हाय मी, अजून एकीचा कुटं खाऊ?" आणि बैलांना पाणी दाखवायला निघून जायचा. तो विषय त्यानं कधी पुढं सरकू दिला नाही. आसाराम बोलायला तिरका होता, पण माणूस सरळ होता.

गाव गंगेकाठचं, गंगाखेडपासून जीपनं अर्ध्या तासावर. कुणाच्या घरी बारसं असलं की सगुणाबाईला बोलावणं यायचं, नाही असं नाही. पण ते सगळ्यात शेवटी यायचं, घुगऱ्या वाटायच्या वेळेला. ती दाराशी बसायची. तिला पाहून बाळंतीण लेकराच्या तोंडावर अलगद पदर ओढायची. तोंडावर कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही, पण पदर दर वेळी ओढला जायचा.

कापूस वेचता वेचता ती मनाशी गाणी जुळवायची. दुसऱ्यांच्या लेकरांचे पाळणे. गल्लीतली मोठी बाई म्हणजे धुरपताबाई. तिनं ते एकदा बांधावरून ऐकलं. पुढं धुरपताबाईला पहिली नात झाली तेव्हा तिनं सांगावा धाडला, "सगुणे, आमच्या पोरीचा पाळणा तू म्हण."

सगुणाबाईनं चार कडवी बांधली. पाचवं अडलं, कारण पाचव्यात लेकराचं नाव घालायचं, आणि आत्यानं कानात सांगेपर्यंत नाव कुणाला कळत नसतं. बारशाच्या दिवशी चार कडवी म्हणून ती थांबली. ओशाळून धुरपताबाईला म्हणाली, "आत्याबाई, पुढलं लेकराला बगितल्याबिगर यायचं न्हाई."

धुरपताबाई उठली. सून गीताबाईच्या हातातून तिनं बाळ घेतलं आणि सगळ्या बायकांच्या देखत सगुणाबाईच्या मांडीवर ठेवलं. "जिनं गाणं बांधलं, तिच्या मांडीवर नाव ठेवा. मंग घाला पाळण्यात."

गीताबाईचं तोंड उतरलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पण धुरपताबाईपुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. लेकराची आत्या खाली वाकली, मांडीवरच्या बाळाच्या कानात कुर्र केलं, आणि नाव सांगितलं, राजेश्री. त्या पोरीनं झोपेतच सगुणाबाईचं बोट मुठीत धरलं. सगुणाबाईच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तोंडातून शब्द:

मूठ मिटून आली बाई, मुठीत काय दडलं?
राजेश्रीचं नाव आमच्या अंगणभर सांडलं.

तेव्हापासून गावात ती रीतच पडली. लेकरू आधी सगुणाबाईच्या मांडीवर, तिथंच नाव, तिथंच शेवटचं कडवं, मग पाळण्यात. कुणी मागून घेतली नव्हती, कुणी कागदावर लिहिली नव्हती. चार कडवी घरी व्हायची, पाचवं मांडीवर. एकाला शिंक आली म्हणून कडव्यात शिंक, एकाच्या कानावर लव म्हणून कडव्यात लव. त्याबद्दल सगुणाबाईनं कधी काही घेतलं नाही. ओंजळभर घुगऱ्या पदरात बांधून घरी यायची. आसाराम ओसरीवर बसलेला असायचा, आणि दर वेळी एकच विचारायचा, "किती भरलं?"

ती तळहात वरखाली करून सांगायची, "पावणेतीन." किंवा, "सव्वादोनच हाय हो, पण आवाज लय मोठा." तिचा अंदाज दवाखान्याच्या काट्याच्या फार इकडंतिकडं होत नसे. आसाराम मान हलवायचा. दोघांचं त्या विषयावरचं बोलणं तेवढंच असायचं, आणि ते दोघांना पुरायचं.

एक गोष्ट मात्र इथंच सांगितलेली बरी. सगुणाबाईनं त्रेसष्टांतलं एकही लेकरू कधी स्वतःहून मागितलं नाही. मूल नसलेली बाई लेकरू द्या म्हणत नसते. तिनं हात पुढं केले की आई लेकराला छातीशी आवळते, हे तिला पुरतं ठाऊक होतं. कुणी तरी द्यावं लागतं. दर वेळी कुणी तरी देत होतं.

गेल्या मार्गशीर्षात गावात एका बारशाला भुजंग आला. गंगाखेडला एसटी स्टँडजवळ त्याचं मंडप, डेकोरेशन आणि साउंडचं दुकान. तिशीतलं पोरगं, बोलायला गूळ. त्यानं सगुणाबाईचा पाळणा मोबाइलमध्ये घेतला आणि दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून घरी हजर झाला.

"काकू, आजकाल बारसं लग्नाच्या वरताण झालंय बगा. फुग्याची कमान आमची, पाळण्याची फुलं आमची, साउंड आमचा. फक्त पाळणा म्हणायला माणूस न्हाई. मोबाइलवरचं गाणं वाजवायलोत, त्यात लेकराचं नावच नसतंय. तुमी या. फुकट न्हाई, वाजवून पैसे देतो."

"मी आन् पैसे?" सगुणाबाई हसली. "कशाचे रं बाबा? मी काय कलाकार हाय?"

"हायच की! पत्रिकेवर नाव छापू तुमचं."

ती हसायची थांबली. भुजंगला वाटलं, काकू रागावल्या. पण राग नव्हता तो. पोराटोरांची नावं गाण्यात घालून घालून तिचं आयुष्य गेलं होतं, आणि तिचं स्वतःचं नाव रेशनकार्डाबाहेर कुठं नव्हतं. ते पुढं चालवायलाही कुणी नव्हतं. छापलेलं नाव कसं दिसत असेल, हे तिनं तोवर मनातसुद्धा आणलं नव्हतं. आता आलं, ते जाईना.

भुजंग गेल्यावर तिनं आसारामला विचारलं. तो विळ्याला धार लावत होता.

"जा की," तो म्हणाला. "गळा तुझा हाय."

"तसं न्हाई. तुमाला काय वाटतंय ते सांगा."

त्यानं बोटानं धार बघितली. "आजवर लोकायला वाटायचं, सगुणीचं आपल्यावर काहीतरी हाय. काय हाय, ते कोणाला सांगता यायचं न्हाई. पैसे घेतलेस की ते मोकळे आन् तूबी मोकळी. बग बाई."

"म्हंजे जाऊ नको?"

"आसं म्हणलो का मी?"

चार दिवस तिनं विचार केला. एकदा वाटे, नको. जे सहज मिळतंय त्याला बाजारात कशाला न्यायचं. एकदा वाटे, बावन्न वर्षांच्या जिंदगीत पहिल्यांदा कुणी तरी आपल्या कामाला काम म्हणतंय. त्यात वाईट काय आहे? आणि खरंच, वाईट काय होतं? या चार दिवसांत ती धुरपताबाईकडं एकदाही फिरकली नाही. एरवी दिवसाआड जायची. का गेली नाही, हे तिला विचारलं असतं तर तिनं कापसाचं काम सांगितलं असतं.

पाचव्या दिवशी तिनं भुजंगला होय म्हणून कळवलं.

पहिलं काम गंगाखेडचं. योगीराज नावाच्या बड्या माणसाच्या नातवाचं बारसं होतं. भुजंगनं आठ दिवस आधी नाव सांगून टाकलं, शौर्य. म्हणाला, "काकू, पाचीच्या पाची कडवी आधी पाठवा. तिथं थांबायला वेळ न्हाई, पुढं केक हाय." चार कडवी एका दुपारी झाली. पाचवं काही केल्या येईना. दोन दिवस ती चुलीपुढं, विहिरीवर, बांधावर पुटपुटत राहिली.

तिसऱ्या दिवशी आसाराम शेतातून जरा लवकर आला. दार लोटलेलं होतं. आत सगुणाबाई मांडी घालून बसली होती, आणि मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं तूरडाळ तागडीत तोलून, बरोबर पावणेतीन किलो, त्याचं गाठोडं केलं होतं. एक हात त्याच्या डोक्याखाली म्हणावा तिथं होता, गुडघा हळूहळू हलत होता, आणि ती शब्द जुळवत होती. आसाराम तसाच पाय न वाजवता मागं फिरला. गोठ्यात जाऊन उगीचच शेण भरत बसला. तासाभरानं मोठ्यानं खाकरत घरात आला, तेव्हा डाळ परत डब्यात गेली होती.

"झालं का कडवं?" त्यानं विचारलं.

"झालं," ती म्हणाली. "बरं झालंय."

बरंच होतं ते. फक्त त्या कडव्यात शिंक नव्हती, की लव नव्हती.

गंगाखेडच्या हॉलमध्ये तिनं नवं लुगडं नेसून पाय ठेवला तेव्हा भुजंगनं तिच्या हातात पत्रिका दिली. खाली बारीक अक्षरात छापलं होतं: पाळणा गायन : सौ. सगुणाबाई. तिनं ते तीनदा वाचलं आणि पत्रिका पोलक्यात ठेवून दिली. बाळाचं नाव भिंतीवर दिव्यांच्या अक्षरांत आधीच लागलेलं होतं. आत्याला कानात सांगायला काही उरलंच नव्हतं. बाळ चंद्रकोरीच्या आकाराच्या पाळण्यात, जाळीच्या आत झोपलेलं होतं.

ती सवयीनं खाली बसायला गेली, तर भुजंग धावत आला. "काकू, हुभं राहून. माइक हाय." ती उभी राहिली. उभ्या माणसाला मांडी नसते. तिनं पाचही कडवी म्हटली. गळा लागला, टाळ्या पडल्या, आणि खोटं कशाला सांगू, त्या टाळ्या तिला गोड लागल्या. योगीराजच्या बायकोनं दोन्ही हातांनी पाकीट दिलं, वाकून नमस्कार केला. बाळाचं तोंड सगुणाबाईला शेवटपर्यंत नीट दिसलं नाही.

घरी आसाराम ओसरीवर होता. "किती भरलं?"

"तिथं कोण देतंय मांडीवर," ती म्हणाली आणि हसली. "शहरातली लोकं ती. आपल्या गावातलं येगळं." पत्रिका तिनं देवाच्या फोटोमागं खोचून ठेवली, नाव दिसेल अशी.

तिनं मनाशी हिशेब सोपा करून टाकला: बाहेरचं काम ते काम, गावातलं ते आपलं. भुजंगलाही तिनं तसं बजावलं. पण भुजंगनं तोवर तिचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला होता, खाली स्वतःचा नंबर आणि 'बारशाच्या पाळण्यासाठी बुकिंग चालू'. सगुणाबाईकडं साधा फोन होता, तिला हे दिसलं नाही. गावानं मात्र पाहिलं. नावं ठेवायला नव्हे, कौतुकानं पाहिलं. आपली सगुणा आता मोठी कलाकार झाली, असं बायका नळावर बोलल्या, आणि त्याचा अर्थ ज्यानं त्यानं आपापल्या घरी लावला.

माघात राजेश्री बाळंतपणाला माहेरी आली. तीच, मूठ मिटून आलेली. तिला मुलगी झाली. ऐकल्यापासून सगुणाबाईचा पाय जमिनीवर ठरेना. बारा दिवसांत तिनं चार कडवी बांधली आणि पाचवं मुद्दाम मोकळं सोडलं. एकदा तिच्या डोक्यात पाचव्याचा शब्द चालून आला, तर तिनं तो हाकलून दिला. आसारामला म्हणाली, "पहिली मांडीवर आली ती राजेश्री. आता तिची लेक यायलीय. आजी झाले की हो मी."

"मंग म्हातारीसारखी ऱ्हा जरा," तो म्हणाला. "पोरीवानी उड्या नको मारू."

बारशाच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी गेली. धुरपताबाई आता नव्वदीला आली होती. कानानं धड ऐकू येत नव्हतं, डोळ्यांना दिसत नव्हतं, आतल्या खोलीत बाजेवर पडून होती. बाहेर गीताबाईच्या हातात घराचा कारभार. अंगणात फुग्यांची कमान होती, गंगाखेडचीच. सगुणाबाईसाठी गीताबाईनं खुर्ची टाकली, तिला हाताला धरून नेलं.

"खुर्ची कामून गं?" सगुणाबाई म्हणाली. "मी खालीच बसते." ती पाळण्याजवळ मांडी घालून बसली. पदर नीट केला आणि मांडीवर पसरला, नेहमीसारखा.

चार कडवी झाली. पाळण्याच्या दोन बाजूंनी बायका बसल्या होत्या, राजेश्री पाटावर होती, मांडीवर गुलाबी दुपट्यात तिची लेक. ते दुपटं हललं. चिमुकला हात बाहेर आला, मूठ मिटलेलीच. सगुणाबाई थांबली. सगळ्यांना वाटलं, दम घेतीय. ती राजेश्रीकडं बघत राहिली, आणि राजेश्री आईकडं.

गीताबाई लगबगीनं उठली. तिनं ताटातलं पाकीट घेतलं, त्याला हळदीकुंकू लावलं, आणि वाकून सगुणाबाईच्या मांडीवर, पसरलेल्या पदरात ठेवलं.

"गीता, ह्ये काय गं?"

"राहू द्या जाऊबाई. गंगाखेडात देत्यात तेवढंच हाय, एक रुपया कमी न्हाई." गीताबाईच्या आवाजात खरी माया होती. "इतके वरीस तुमाला फुकट राबवलं आमी. आता तुमचं काम झालंय त्ये. आमी फुकट म्हणायला लावलं तर लोकं आमाला नावं ठेवतील."

"मला नगं हे. घरचीच मी..."

"घरची म्हणूनच देयलेय. घ्या मुकाट्यानं."

बायकांनी माना डोलावल्या. गीताबाईनं बरोबर केलं, असंच त्यांना वाटलं. आणि मग गीताबाईनं राजेश्रीच्या मांडीवरून बाळ उचललं आणि सरळ पाळण्यात घातलं. आत्या पाळण्यावर वाकली, कुर्र केलं. मागं कुणी तरी साउंड चालू केला होता, त्यात नाव नीट ऐकू आलं नाही. आत्याच्या पाठीवर धपाटे पडले, हशा झाला.

सगुणाबाईचे हात मांडीवर उताणे पडलेले होते. दोन शब्द बोलायचे होते, दे गं. तोंडापर्यंत आले. तेवीस वर्षांत जे कधी म्हटलं नव्हतं, ते आज म्हणायला हवं होतं; पण तिला तो लेकराच्या तोंडावर ओढलेला पदर आठवला, आणि जीभ उचलली नाही. पाकिटावर सुवाच्य अक्षरात तिचं नाव लिहिलेलं होतं. ती त्या नावाकडं बघत बसली.

"म्हणा ना शेवटचं," कुणी तरी म्हणालं.

तिनं पहिलंच कडवं पुन्हा म्हटलं. कुणाच्या ध्यानात आलं नाही. राजेश्रीच्या मात्र आलं असावं, कारण तिनं मान वर केली, काही बोलू पाहिलं, पण तेवढ्यात बायका ओटी भरायला पुढं झाल्या.

निघताना सगुणाबाई आत जाऊन धुरपताबाईच्या पाया पडली. म्हातारीनं हातानं चाचपून तिला ओळखलं, आणि तिचा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. "घेतलंस का गं मांडीवर?"

सगुणाबाईनं तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं, "घेतलं आत्याबाई. मूठ धरली तिनं माझी."

"आईवर गेली," म्हातारी समाधानानं म्हणाली.

घरी येईस्तोवर उन्हं कलली होती. आसाराम ओसरीवर बसून दस्तीनं मान पुसत होता. आज त्यानं मुद्दाम आधीच हातपाय धुऊन घेतले होते, बायको काय काय सांगणार ते निवांत ऐकायला. ती पायरी चढताना त्यानं विचारलं, "किती भरलं?"

धुरपताबाईला सांगितलेलं ती इथं सांगू शकली नाही. तिनं पदराची गाठ सोडली. घुगऱ्या नव्हत्या. पाकीट काढलं आणि त्याच्या उघड्या तळव्यावर ठेवलं.

"तुमीच बगा," ती म्हणाली.

आसारामनं बघितलं नाही. त्यानं पाकीट तसंच धरून ठेवलं, मग हळूच जोत्यावर ठेवलं आणि सरकून तिला बसायला जागा केली. ती त्याच्या शेजारी मांडी घालून बसली. गाठ सुटलेला पदर मांडीवर पुन्हा तसाच पसरला.

त्यानं विचारलं, "नाव काय ठेवलं?"

"मला ऐकू आलं न्हाई हो," सगुणाबाई म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.